आफ्रिकेचे वर्णन कोणी केले?

माध्यमिक शाळेच्या कोणत्याही वर्गात ‘आफ्रिका’ हा शब्द उच्चारला, की येणारी उत्तरे जवळजवळ ठरलेली असतात. जंगल, सिंह, दुष्काळ, बरगड्या वर आलेली बालके, हाती भाले घेतलेली माणसे. लागोससारख्या महानगराचे नाव कोणी घेत नाही, तिंबुक्तूच्या हस्तलिखितांचेही नाही. यात मुलांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना जे दाखविले गेले तेच ती सांगतात. दाखविणाऱ्यांत वृत्तपत्रे येतात, चित्रपट येतात, भिंतीवरचा नकाशाही येतो. वर्गावर्गांत टांगलेल्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका साधारण सारख्याच आकाराचे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी आहे. तीन कोटी चौरस किलोमीटरचे, चोपन्न देशांचे, दीड-दोन हजार भाषांचे हे खंड. त्यात नऊ भारत सहज मावावेत. ते आमच्या भिंतीवरच लहान होऊन बसले आहे.

नकाशापेक्षाही अधिक हानी शब्दांनी केली आहे. दक्षिण सुदान २०११ साली स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये तेथे यादवी पेटली. त्या यादवीमागे सत्तारूढ पक्षातील फूट होती, तेलाच्या उत्पन्नावरील ताबा होता, सैन्याची रचना होती. मराठी वाचकाच्या वाट्याला मात्र बहुधा ‘टोळीयुद्ध’ हा एकच शब्द आला. नायजेरिया आणि शेजारच्या देशांतील योरुबा भाषकांची संख्या चार कोटींच्या आसपास आहे. त्यांची स्वतःची नगरे होती, राजघराणी होती, आज विद्यापीठे आहेत. तरी ती ‘टोळी’! डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या घरात. ते मात्र ‘राष्ट्र’. हा शब्द कोणत्या मापाने वापरला जातो, हे विचारण्याचा अधिकार आमच्या शाळेतील मुलांना इतरांहून अधिक आहे. कारण वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आमच्या मुलांपैकी काहींच्या पणजोबांना १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमाती’च्या नोंदवहीत टाकले होते. ती नोंद करणाऱ्याने त्यांच्या पणजोबांशी एक शब्दही बोलण्याची तसदी घेतली नव्हती. १९५२ साली कायदा गेला. वर्णन मात्र अजून पुरते गेलेले नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की आफ्रिका शिकवायची असेल तर भूगोलाच्या दोन पानांतून आणि दुष्काळाच्या बातम्यांतून शिकवू नये. ती मानववंशशास्त्राच्या अंगाने शिकवावी. माणसे कशी राहतात, कोणाशी सोयरीक करतात, कोणाच्या हातचे खातात, सत्ता कोणाच्या हाती असते आणि ती का मानली जाते, हे त्यांच्यात राहून आणि त्यांची भाषा शिकून समजून घेणारे हे शास्त्र आहे. (त्याच्या मराठी नावातच ‘वंश’ शिरून बसला आहे, ही एक गंमतच. ज्या कल्पनेचे खंडन करण्यात या शास्त्राच्या श्रेष्ठ अभ्यासकांचे आयुष्य गेले, तीच त्याच्या पाटीवर! काही विद्वान ‘मानवशास्त्र’ म्हणतात. आम्हीही यापुढे तेच म्हणू.)

येथे कोणी आक्षेप घेईल, की हे शास्त्र तर साहेबाच्या राज्यकारभाराची दासी होते. आक्षेप खरा आहे. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने आफ्रिकेला इतिहासाच्या बाहेर बसविले होते. त्यानंतर शे-सव्वाशे वर्षांनी, १९६० च्या दशकात, ह्यू ट्रेव्हर-रोपर हा ऑक्सफर्डचा इतिहासाचा प्राध्यापक आफ्रिकेचा इतिहास म्हणजे केवळ तेथील युरोपीयांचा इतिहास अशा आशयाचे बोलत होता. या दोघांच्या मधल्या काळात मानवशास्त्राने काय केले? सी. जी. सेलिगमन यांनी १९३० साली ‘रेसेस ऑफ आफ्रिका’ लिहिले. आफ्रिकेत जे काही सुसंस्कृत दिसते ते बाहेरून आलेल्या, युरोपीयांच्या जवळच्या ‘हॅमिटिक’ वंशाने आणले, असा त्याचा सिद्धांत. झिंबाब्वेतील दगडी नगराचे उदाहरण घ्यावे. चुन्याशिवाय रचलेल्या त्या प्रचंड भिंती अकराव्या ते पंधराव्या शतकांतील, स्थानिक शोना लोकांच्या पूर्वजांनी उभारलेल्या. १९०५ साली रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-टॉम्पसन या विदुषीने उत्खनन करून ते स्पष्ट सांगितले. तरीही ऱ्होडेशियातील गोऱ्या सत्तेला ते बांधकाम फिनिशियनांचे किंवा शेबाच्या राणीचे असावे, असेच वाटत राहिले. काळ्या माणसाने दगडावर दगड रचला हे मान्य केले, तर त्याच्या जमिनीवर बसण्याचा आधारच निघून जात होता.

आमच्याकडेही रिस्ले नाके मोजीत फिरला आणि नाकाच्या मापावरून जातीची उच्चनीचता सांगू लागला. बाबासाहेबांनी त्या मोजमापांचे काय केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी मोजमापे फेकून दिली नाहीत. ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी तसलीच मोजमापे समोर मांडून दाखविले, की यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य भिन्न वंशाचे ठरतच नाहीत. शत्रूच्या कोठारातील शस्त्र शत्रूवरच चालविणे ते हेच.

बाबासाहेबांना हे बळ कोठून मिळाले, याचा एक धागा आफ्रिकेपर्यंत पोहोचतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला प्रबंध वाचला. तरुण वयातील त्यांचे हे महत्त्वाचे लेखन मानवशास्त्राच्या वर्गात जन्माला आले, याची आठवण आमच्या व्याख्यानांतून क्वचितच निघते. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य आणि बोआस त्या वेळी त्याच विद्यापीठात होते. या बोआस यांनी १९०६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या निमंत्रणावरून अटलांटा येथील कृष्णवर्णीय पदवीधरांपुढे भाषण केले. लोखंड वितळविण्याची आफ्रिकेची प्राचीन विद्या, तेथील राज्ये, बाजारपेठा, कारागिरी यांचे त्यांनी वर्णन केले. आपल्या पूर्वजांकडे काहीच नव्हते असे आयुष्यभर ऐकत आलेल्या श्रोत्यांना ते सारे नवे होते. स्वतः डु बॉइस यांनी पुढे लिहून ठेवले, की ते ऐकून आपण थक्क झालो. याच डु बॉइस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले, हे आता सर्वांना ठाऊक आहे.

मानवशास्त्राने चुकीचे केले तेथे काय घडते आणि नीट केले तर काय दिसते, हे एकाच ठिकाणी पाहायचे असेल तर रवांडाकडे पाहावे. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत तेथे सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. मारले गेले ते मुख्यतः तुत्सी आणि हत्याकांडाला विरोध करणारे हुतू. जगभरच्या वृत्तपत्रांनी सुरुवातीला याला ‘प्राचीन वैर’ म्हटले. हे वैर किती प्राचीन? हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात, किन्यारवांडा. त्यांची दैवते, चालीरीती एक. ते वेगवेगळ्या प्रदेशांत राहत नव्हते. एकाच टेकडीवर शेजारी-शेजारी राहत होते. त्यांची कुळे समान होती. एकाच कुळात हुतू असत, तुत्सी असत आणि त्वाही असत. गुरेढोरे, दरबाराशी जवळीक, कोण कोणाचा आश्रित, यांवरून हे भेद प्रामुख्याने ठरत आणि गुरे वाढली, राजाची मर्जी बसली, तर हुतू तुत्सीही होऊ शके. जॉन स्पीक या इंग्रज प्रवाशाने १८६३ साली आपल्या पुस्तकात या भागातील राज्यकर्ते उत्तरेकडून आलेले उच्च वंशाचे लोक असल्याची कल्पना रंगविली. जर्मन आले, नंतर बेल्जियन आले. मिशनऱ्यांच्या शाळांत आणि कचेऱ्यांत तुत्सींना पुढे केले गेले. १९३३-३४ च्या शिरगणतीनंतर प्रत्येकाच्या हाती ओळखपत्र दिले गेले आणि त्यावर हुतू, तुत्सी, त्वा यांपैकी एक शिक्का बसला. काल जे बदलू शकत होते ते आता बापाकडून मुलाकडे जाणारे झाले. १९५९ पासून बेल्जियमने पारडे बदलले आणि हुतू नेत्यांना जवळ केले. १९६२ साली स्वातंत्र्य मिळाले, पण ओळखपत्र राहिले. १९९४ साली रस्त्यारस्त्यांवरच्या अडथळ्यांपाशी तेच ओळखपत्र मागितले जात होते.

महमूद ममदानी यांनी २००१ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांचा जन्म १९४६ साली मुंबईत झाला आणि ते युगांडात वाढले. तुत्सींना वसाहतवादी राज्याने ‘परके’ ठरविले आणि स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणाने तेच परकेपण उलट दिशेने त्यांच्यावर चालविले, अशी त्यांची मांडणी आहे. ती वाचताना आम्हांला आर्य आणि अनार्य या वादाची आठवण होते. बाहेरून आलेल्या वंशाची कथा सत्तेवर असणाऱ्याला सुरुवातीला गोड लागते. पुढे तीच कथा पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्याला हाकलण्याच्या कामी येते. बाबासाहेबांनी वंशाचा सिद्धांत नाकारला, त्यामागे किती दूरदृष्टी होती हे रवांडाच्या टेकड्यांवरून अधिक स्पष्ट दिसते.

परंतु येथेच थांबणे हे अर्धसत्य ठरेल. अलीकडे एक विद्वत्ता अशीही बोकाळली आहे, की सर्व भेद साहेबाने निर्माण केले. त्यापूर्वी सारे गुण्यागोविंदाने नांदत होते. भारतात जातसुद्धा इंग्रजांच्या शिरगणतीतून जन्मली, असे गंभीर चेहऱ्याने सांगणारे आहेत. आमच्या आजोबांना पाणवठ्यावरून हाकलणारा मनुष्य शिरगणतीचा कागद वाचून आला नव्हता. तोच न्याय आफ्रिकेलाही लावला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा र्‍वाबुगिरीच्या काळात रवांडात हुतू शेतकऱ्यांवर वेठबिगार लादली जात होती. युरोपीय नंतर आले. आणि तिसरा समूह, त्वा, यांच्याकडे तर ना युरोपीयांनी धड पाहिले, ना हुतू-तुत्सींच्या राजकारणाने. लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास असलेले हे लोक मडकी घडवीत. त्यांच्याशी सोयरीक होत नसे, त्यांच्या पंगतीला कोणी बसत नसे, त्यांनी तोंड लावलेल्या भांड्यातून कोणी पीत नसे. हे वाक्य वाचून आमच्या वाचकांना वेगळे काही समजावून सांगण्याची गरज नाही.

नायजेरियातील इग्बो समाजातील ‘ओसू’ हे दुसरे उदाहरण. देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज म्हणून त्यांना वेगळे ठेवले जाई. त्यांच्याशी विवाह निषिद्ध. १९५६ साली पूर्व नायजेरियात कायदा करून ही प्रथा रद्द करण्यात आली. विवाहाच्या बाबतीत ती अजूनही डोके वर काढते. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत ओसू चर्चमध्ये येतात तो प्रसंग आहे. गोऱ्याचा धर्म म्हणून इतरांना जो खटकतो, तोच यांना माणूसपणाचे दार वाटतो. धर्मांतराचा अर्थ वरून पाहणाऱ्याला एक दिसतो आणि खालून पाहणाऱ्याला दुसरा. १९५६ हेच साल नागपूरच्या दीक्षाभूमीचेही आहे. हा केवळ योगायोग असला, तरी लक्षात राहणारा आहे.

म्हणून ‘आफ्रिकेचे वर्णन आफ्रिकी माणसानेच करावे’ एवढ्या घोषणेने आमचे समाधान होत नाही. जोमो केन्याटा यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मॅलिनोव्स्की यांच्या हाताखाली मानवशास्त्राचा अभ्यास केला आणि १९३८ साली आपल्या गिकुयू समाजावर ‘फेसिंग माउंट केन्या’ हा ग्रंथ लिहिला. बाबासाहेबांनी १९२३ साली डी.एस्सी. मिळविली ती याच संस्थेतून. केन्याटांच्या ग्रंथातील जमिनीविषयीचे प्रकरण अत्यंत मोलाचे आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ‘मालक नसलेली पडीक जमीन’ म्हणून जी बळकावली, तिचा प्रत्येक तुकडा कोणत्या कुटुंबाचा, कोणत्या नियमाने होता, हे त्यांनी दाखवून दिले. हा ग्रंथ म्हणजे एका देशाचा दावाच होता. लेखक पुढे तुरुंगात गेला आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झाला. पण त्याच ग्रंथात मुलींच्या सुंतेच्या क्रूर प्रथेचे समर्थनही आहे. तेथे समाजातील एक प्रतिष्ठित पुरुष बोलतो आहे. ज्या मुलीवर तो प्रसंग येतो ती बोलत नाही. परक्याचे वर्णन खोटे असू शकते, तसे घरातील थोरल्याचे वर्णनही अपुरे असू शकते. केसमुत्ति गावच्या कालामांना तथागतांनी परंपरेवरून, ऐकीव गोष्टीवरून किंवा सांगणाऱ्याच्या थोरवीवरून काही मान्य करू नका असे सांगितले, ते दोन्ही बाजूंना लागू आहे.

मग आधार कोणाचा घ्यावा? जो अभ्यासक दीर्घकाळ राहतो, भाषा शिकतो आणि आपल्या आधीच्या अभ्यासकाचे लेखन तपासतो, त्याचा. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली मध्य आफ्रिकेतील अझांदे लोकांच्या चेटूकविषयक समजुतींवर ग्रंथ लिहिला. वाळवीने खांब पोखरल्यामुळे धान्याचे कोठार कोसळते, हे अझांदे पुरते जाणतात. पण नेमकी ही माणसे, नेमक्या याच क्षणी त्याच्या सावलीत का बसली होती, या प्रश्नाला ते चेटकाचे उत्तर देतात. आम्ही अंधश्रद्धेचे विरोधक आहोत आणि राहू. तरीही ‘अडाणी आहेत’ असे म्हणून पुढे जाणे वेगळे आणि अंधश्रद्धा कोणत्या प्रश्नाच्या पोकळीत घर करते हे ओळखणे वेगळे. निर्मूलनाचे काम दुसऱ्या मार्गानेच होते. इव्हान्स-प्रिचर्ड यांचाच नुएर लोकांवरील १९४० चा ग्रंथ राजा नसलेल्या समाजातील सुव्यवस्था दाखवितो. मात्र त्या अभ्यासाच्या थोडे आधी सरकारी विमानांनी नुएरांवर बॉम्ब टाकले होते, त्याला त्या ग्रंथात फारसे स्थान नाही. शॅरन हचिन्सन या विदुषी पुढे त्याच नुएरांत जाऊन राहिल्या आणि पैसा, युद्ध व राज्यसंस्था यांनी त्यांचे जीवन कसे बदलले, ते त्यांनी १९९६ साली मांडले. गाय आणि नोट यांत नुएर माणूस काय फरक करतो, यावरची त्यांची प्रकरणे बारावीच्या मुलालाही रुचतील.

आणि मग आर्ची माफेजे. दक्षिण आफ्रिकेतील हा कृष्णवर्णीय मानवशास्त्रज्ञ. १९६८ साली केप टाउन विद्यापीठाने त्यांची अध्यापक म्हणून निवड केली आणि वर्णभेदी सरकारच्या दबावाखाली ती मागे घेतली. विद्यार्थ्यांनी इमारतीत ठिय्या दिला. उपयोग झाला नाही. त्यांनी १९७१ साली एक छोटा निबंध लिहिला. ‘ट्राइब’ हा शब्द आफ्रिकेतील वास्तवाचे वर्णन करीत नाही, तर ते झाकतो. सत्तेचा आणि वर्गाचा झगडा या शब्दाआड लपविला जातो आणि आफ्रिकेतील पुढारीही तो सोयीने वापरतात, असा त्याचा आशय. युगांडाचे कवी ओकोट प’बिटेक ऑक्सफर्डमध्ये मानवशास्त्र शिकत असताना पहिल्याच व्याख्यानात अध्यापक त्यांच्या लोकांना रानटी म्हणत होते. त्यांनी तेथल्या तेथे निषेध केला, पण तो कोणी मनावर घेतला नाही. वर्गात आपल्याच समाजाविषयीचे अपशब्द ऐकत बसणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीला ठाऊक आहे.

आमच्या चळवळीविषयी एक तक्रार नोंदविणे भाग आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. १९७२ साली पँथरने नावही तिकडूनच घेतले. अमेरिकेतील काळ्या माणसाशी आमचे नाते जुने आहे. त्याच्या पूर्वजांच्या खंडाविषयी मात्र आम्ही उदासीन राहिलो. वास्तविक तो धागा आमच्या अंगणात पडला आहे. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने १६१० साली खडकी हे नगर वसविले, तेथे नहरींनी पाणी आणले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालयाची स्थापना केली ती याच शहरात. नागसेनवनात शिकून बाहेर पडलेल्या हजारो पदवीधरांपैकी किती जणांनी, हे शहर एका आफ्रिकी माणसाने वसविले, असे आपल्या मुलांना सांगितले असेल?

न सांगण्याचे परिणाम दूरवर जातात. २०१७ च्या मार्च महिन्यात ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. एका मुलाच्या मृत्यूनंतर, हे लोक माणसे खातात अशी अफवा पसरली होती. ज्यांच्या मनात आफ्रिकेचे दुसरे कोणतेच चित्र नव्हते, त्यांना ती अफवा खरी वाटायला वेळ लागला नाही. मारणारे सगळेच निरक्षर होते, असे मानण्याचे कारण नाही.

संस्थेच्या चालकांपुढे आमची सूचना साधी आहे. वाचनालयात आफ्रिकेसाठी एक स्वतंत्र कप्पा असावा आणि त्यात वन्यप्राण्यांची पुस्तके ठेवू नयेत. त्यांची जागा विज्ञानाच्या कप्प्यात आहे. भिंतीवर क्षेत्रफळाचे प्रमाण राखणारा नकाशा लावावा. नववीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावी जाऊन कोण कोणाच्या हातचे खातो, विहिरीवर कोण केव्हा येतो, याची निरीक्षणे लिहून आणावीत आणि ती रवांडातील त्वा लोकांविषयीच्या माहितीशेजारी ठेवून वाचावीत. अडचण एकच आहे, ती मराठीची. यांतले फार थोडे आमच्या भाषेत आले आहे. माफेजे यांचा तो निबंध जेमतेम नऊ-दहा पानांचा आहे. आमचे जे माजी विद्यार्थी आज महाविद्यालयांतून समाजशास्त्र, इतिहास वा इंग्रजी शिकवितात, त्यांच्यापैकी कोणी एका सुट्टीत त्याचा अनुवाद हाती घेतला, तर जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा तो मुलांच्या हाती देता येईल. कागद आणि छपाईचा खर्च आम्ही शिक्षक मंडळी वर्गणीतून उचलू.